पेल्यात पाणी साठविणारी शोभेची झाडे : ब्रोमेलियाडची लागवड व निगा

आपल्या राज्याच्या किनारपट्टीवर बागेची हौस नवी नाही. घराच्या पुढील दारी तुळस, जास्वंद आणि अबोली, मागील दारी केळी, अळू व कर्दळ, आणि त्यांवर सावली धरणारी नारळ-सुपारीची झाडे हे कोकणातील घराचे नेहमीचे रूप होय. या परिचित झाडांच्या जोडीला अलीकडे शहरांतील गच्च्यांवर, कार्यालयांच्या दर्शनी भागात व रोपवाटिकांमध्ये एक वेगळ्याच घडणीचे झाड दिसू लागले आहे. पट्ट्यासारखी पाने चक्राकार मांडलेली, मध्यभागी पाण्याने भरलेला पेला आणि त्यातून वर आलेला लाल, केशरी किंवा गुलाबी तुरा, असे त्याचे स्वरूप असते. ब्रोमेलियाड या नावाने ही झाडे ओळखली जातात. उष्ण व दमट हवा त्यांना मानवते, जागा थोडी लागते आणि एकदा आणलेले रोप पुढे स्वतःच वाढत जाते. मात्र ज्या पेल्यामुळे या झाडास शोभा येते, त्याच पेल्याची आठवड्यातून एकदा निगा राखली नाही, तर ते डासांचे आश्रयस्थान बनू शकते. म्हणून लागवडीच्या माहितीबरोबरच ही दुसरी बाजूही येथे सविस्तर दिली आहे.

अननसाचे नातलग

ब्रोमेलियाड हे नाव नवे वाटले तरी या कुलातील एक वनस्पती आपल्या घरोघरी माहीत आहे. ती म्हणजे अननस. वनस्पतिशास्त्रात या कुलास ब्रोमेलिएसी म्हणतात. ओलोफ ब्रोमेलियस या सतराव्या शतकातील स्वीडिश वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ते पडले. या कुलात साडेतीन हजारांहून अधिक जाती असून, पश्चिम आफ्रिकेत आढळणारी एक जाती वगळता त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, १४९३ साली, ग्वादेलूप बेटावर युरोपीय लोकांनी अननस प्रथम पाहिला. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. ‘अननस’ हा शब्दही मूळचा दक्षिण अमेरिकेतील तुपी भाषेतला असून तो पोर्तुगिजांमार्फतच मराठीत आला. चारशे वर्षांहून अधिक काळ गोव्यात व कोकणात अननस रुजला आहे. तेव्हा त्याच्या शोभिवंत नातलगांनाही ही हवा सोसावी, यात आश्चर्य नाही.

या कुलातील अनेक जाती जमिनीत न वाढता झाडांच्या फांद्यांवर किंवा खडकांवर वाढतात. त्यामुळे त्यांना बांडगूळ समजण्याची चूक होते. आंब्यावरील बांडगूळ यजमान झाडाच्या खोडात आपली मुळे घुसवून त्याचा रस शोषते व त्यास क्षीण करते. ब्रोमेलियाड मात्र फांदीचा केवळ आधार घेते. सह्याद्रीतील झाडांवर वाढणारी आणि ‘सीतेची वेणी’ म्हणून ओळखली जाणारी आमरी जशी आधारापुरतीच झाडावर राहते, तसाच हा प्रकार होय. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. त्या यजमान झाडाचे अन्न घेत नाहीत.

पेल्याचे कार्य

मग जमिनीशी संबंध नसताना या झाडांस पाणी मिळते कोठून? याचे उत्तर पानांच्या मांडणीत आहे. पानांचे तळ रुंद असून ते एकमेकांवर घट्ट बसलेले असतात. त्यामुळे मध्यभागी व पानांच्या बेचक्यांत पावसाचे पाणी साठते. वरून गळणारी पाने, धूळ, मेलेले कीटक या पाण्यात पडतात, कुजतात आणि त्यांतील पोषक द्रव्ये पाण्यात उतरतात. पानांच्या तळाशी अत्यंत सूक्ष्म शल्के असतात. हे पाणी व त्यातील पोषण ती शोषून घेतात. जे काम इतर झाडांत मुळे करतात, ते येथे मुख्यतः पाने करतात. मुळांचे काम बव्हंशी झाड आधाराला धरून ठेवणे एवढेच असते.

निसर्गात हा पेला म्हणजे एक लहानसे तळेच असते. अमेरिकेतील जंगलांत कित्येक जातींचे बेडूक त्यात राहतात. जमैका बेटावरील एका जातीची खेकडी तर आपली पिल्ले या पेल्यांतच वाढविते. मूळ अरण्यात बेडूक, इतर कीटक व त्यांच्या अळ्या एकमेकांवर उपजीविका करीत असल्यामुळे तेथे एक समतोल राखला जातो. आपल्या ओसरीवरील कुंडीत असा समतोल नसतो. तो माळ्याने किंवा घरमालकाने हाताने राखावा लागतो.

कोकणची हवा : अनुकूल व प्रतिकूल

कोकणात वार्षिक पाऊस साधारणपणे २,५०० मिलिमीटरहून अधिक पडतो. तथापि तो जवळजवळ सगळाच जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या आठ महिन्यांत हवा दमट असली तरी जमीन कोरडी असते. ब्रोमेलियाडची मूळ भूमी असलेल्या अनेक प्रदेशांत पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. हा फरक ध्यानी घेतला म्हणजे आपल्याकडील निगेची दिशा स्पष्ट होते. पावसाळ्यात मुळे कुजू न देणे आणि उन्हाळ्यात पेला कोरडा पडू न देणे, ही ती दोन मुख्य कामे होत.

प्रकाश भरपूर पण गाळलेला असावा. नारळ-सुपारीच्या बागेत किंवा गोव्यातील कुळागरात झावळ्यांमधून जे कवडसे खाली येतात, ते बहुतेक जातींस पुरेसे व सुखकर असतात. गच्चीवर हिरव्या जाळीचा मांडव घालून निम्मे ऊन अडविल्यास हेच साध्य होते. मार्च ते मे या काळातील दुपारचे ऊन थेट पडल्यास पानांवर पांढरे, भाजल्यासारखे चट्टे उमटतात व ते पुन्हा भरून येत नाहीत. उलट अतिशय काळोख्या जागी पाने लांबट, लुळी व फिकट होतात. पानांचा रंग व ठेवण पाहूनच झाडाची जागा बदलावी.

कोणत्या जाती निवडाव्यात

आरंभ करणाऱ्यास पुढील प्रजाती सोयीच्या आहेत.

गुझमानिया : पाने गुळगुळीत, कडांना काटे नसलेली. सावली व दमटपणा चांगला सोसते. लाल, केशरी वा पिवळा तुरा दोन ते चार महिने टिकतो. मुले वावरतात अशा शाळा व घरांसाठी योग्य.

व्ह्रीसिया : हिच्याही पानांना काटे नसतात. काही जातींच्या पानांवर गर्द आडवे पट्टे असतात, तर तुरा चपटा, तलवारीसारखा असतो.

निओरेगेलिया : बसकी, पसरट. फुले लहान असून पेल्यातच उमलतात, परंतु त्या सुमारास मधली पाने लालभडक होतात. चांगल्या उजेडात रंग खुलतो. पानांच्या कडांना बारीक काटे असतात.

एक्मिया : ब्राझीलमधील एक्मिया फॅसिएटा ही जाती विशेष लोकप्रिय आहे. राखाडी पानांवर चंदेरी पट्टे, गुलाबी तुरा व त्यात निळसर फुले असतात. पाने काटेरी असल्याने ती वाटेपासून दूर ठेवावी.

क्रिप्टॅन्थस : जमिनीलगत चांदणीसारखी पसरणारी, पेला नसलेली प्रजाती. ही मातीत वाढते, सबब तिची माती किंचित ओलसर ठेवावी.

टिलँडसिया : हिच्या पुष्कळशा जातींस कुंडी व माती लागत नाही. लाकडाच्या तुकड्यावर बांधून त्या टांगता येतात. पाने रुपेरी दिसतात, कारण त्यांवर शल्कांचा दाट थर असतो. आठवड्यातून दोन वेळा अर्धा तास पाण्यात बुडवून नंतर उलटे धरून निथळू द्यावे. पावसाळ्यात त्यांना पागोळ्यांखाली ठेवू नये. वारा खेळता नसल्यास त्या आतून कुजतात.

कुंडी व मिश्रण

या झाडांच्या कुंडीत नेहमीची काळी माती किंवा शेणखताने जड झालेले मिश्रण घालू नये. मुळांभोवती पाणी जितके लवकर निचरेल तितके चांगले. कोकणात यासाठी लागणारे साहित्य घराजवळच उपलब्ध असते. नारळाच्या सोडणांचे बोटाएवढे तुकडे दोन भाग, लोणारी कोळशाचे तुकडे एक भाग आणि विटांची किंवा जांभ्याची बारीक खडी एक भाग असे मिश्रण उत्तम ठरते. सोडणांत व काथ्याच्या भुशात क्षार असतात. म्हणून ते दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवावेत आणि मगच वापरावेत.

कुंडी उथळ, १२ ते १५ सेंटिमीटर व्यासाची व तळाशी मोठे छिद्र असलेली पुरे होते. मातीची कुंडी जड असल्याने वाऱ्याने कलंडत नाही. रोप खोल पुरू नये. पानांचा तळ मिश्रणाच्या वर राहील इतपतच बसवावे आणि मुळे धरेपर्यंत काठीचा आधार द्यावा. बागेत लावावयाचे असल्यास जांभ्याच्या दगडांच्या फटींत सोडणांचे तुकडे भरून त्यांत रोपे बसविली तर निचरा आपोआप होतो. झाडाच्या बेचक्यात बसवावयाचे झाल्यास काथ्याच्या सुंभाने सैल बांधावे. मात्र अशी लागवड घराच्या आवारातच करावी. देवराईत किंवा रानातील झाडांवर ही परदेशी झाडे नेऊन लावू नयेत.

पाणी पावसाचे सर्वांत चांगले. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे मचूळ पाणी टाळावे, कारण ते आटल्यावर पेल्यात क्षार राहतात व पानांची टोके करपतात. खत अगदी सौम्य असावे. एका लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम मिश्रखत विरघळवून महिन्यातून एकदा मुळांशी घालणे पुरेसे आहे. पेल्यात खत घातल्यास शेवाळ माजते, आणि निओरेगेलियासारख्या रंगीत जाती जास्त खताने हिरव्या पडतात.

मोरचुदापासून सावध

कोकणातील वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ब्रोमेलियाड तांब्याच्या क्षारांना फार संवेदनशील असतात. सुपारीवरील कोळे रोगास आळा घालण्यासाठी पावसाळ्याच्या तोंडी बोर्डो मिश्रण फवारण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे, आणि हे मिश्रण मोरचूद व चुना यांपासून बनते. सुपारीसाठी ते आवश्यकच आहे. परंतु त्याचे तुषार खालील ब्रोमेलियाडच्या पेल्यात पडले तर मधला कोंब काळा पडून झाड मरते. म्हणून फवारणीपूर्वी कुंड्या हलवाव्यात. हलविणे अशक्य असल्यास त्या झाकून ठेवाव्यात. झाडे बांधण्यासाठी तांब्याची तार वापरू नये आणि तांब्याच्या भांड्यात साठविलेले पाणीही पेल्यात घालू नये. खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास सौम्य साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या कापसाने पाने पुसून नंतर स्वच्छ पाण्याने धुवावीत.

पेला आणि डास

आता मुख्य दक्षतेकडे वळू. साठलेले पाणी आणि डास यांचा संबंध राज्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीस ठाऊक आहे. ब्रोमेलियाडच्या बाबतीत या संबंधाचा एक मोठा धडा कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटाने दिला आहे. तेथे कोकोच्या बागांना सावली मिळावी म्हणून आपल्या पांगाऱ्याच्या प्रजातीतील उंच झाडे लावण्यात आली होती. या झाडांच्या फांद्यांवर रानटी ब्रोमेलियाड प्रचंड संख्येने वाढले आणि त्यांच्या पेल्यांतील पाण्यात हिवतापाचा प्रसार करणाऱ्या, तेथील स्थानिक जातीच्या अ‍ॅनॉफिलिस डासांची पैदास होऊ लागली. जमिनीवरील डबकी बुजवून भागेना, कारण पाणी झाडांवर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉलिन पिटेन्ड्रिघ या जीवशास्त्रज्ञाने या डासांचा तेथे अभ्यास केला. अखेरीस झाडांवर मोरचुदाचे द्रावण फवारून ब्रोमेलियाड नष्ट करण्याचा उपाय योजावा लागला. जे तांबे बागायतदाराने टाळावयाचे, तेच तेथे आरोग्य रक्षणासाठी वापरले गेले.

हिवतापाचे ते विशिष्ट डास आपल्याकडे नाहीत. परंतु डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या, अल्प पाण्यातही अंडी घालतो, आणि पेल्यातील पाणी तसेच असते. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहरात केलेल्या पाहण्यांत, इतर भांड्यांच्या तुलनेने ब्रोमेलियाडमध्ये या डासाच्या अळ्या थोड्याच आढळल्या. तेव्हा घाबरून झाडे उपटून टाकण्याचे कारण नाही. उघडी पिंपे, टाकून दिलेले टायर, शीतकाच्या टाक्या व कुंड्यांखालील बशा हीच डासांची मोठी ठिकाणे होत. परंतु हौसेने लावलेल्या झाडामुळे त्यांत भर पडू नये, ही जबाबदारी ते लावणाऱ्याची आहे.

उपाय साधा आहे. आपल्याकडील उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा, न चुकता, पेल्यातील पाणी बदलावे. लहान कुंडी असल्यास झाड उलटे धरून पाणी कोरड्या जमिनीवर ओतावे. अळ्या तेथे मरतात. गटारात किंवा हौदात ते ओतू नये. मोठे किंवा जमिनीतील झाड असल्यास नळीच्या जोरदार धारेने पेला धुवून काढावा, म्हणजे पानांच्या कडेला चिकटलेली अंडीही निघतात. नंतर ताजे पाणी भरावे. पावसाच्या झडीत पेले वाहून जातात, पण श्रावण-भाद्रपदात उघडीप पडते तेव्हा पाणी स्थिर राहते. त्या दिवसांत विशेष लक्ष द्यावे. पेल्यात तेल किंवा रॉकेल कदापि टाकू नये, कारण त्याने शल्के बुजून झाड गुदमरते. झाडांची संख्या मोठी असल्यास डासांच्या अळ्यांवरील बीटीआय हे जैविक औषध आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने वापरावे.

आरोग्य खात्यामार्फत आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन केले जाते. त्याच दिवशी पिंपांबरोबर हे पेलेही रिकामे केले तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. गावच्या आठवडे बाजाराचा वार यासाठी ठरविल्यास तो सर्वांच्या ध्यानी राहील. ज्या संस्थेत हे काम नेमाने करण्यास माणूस नाही, तेथे पेला नसलेल्या क्रिप्टॅन्थस व टिलँडसिया या प्रजातीच लावणे इष्ट. दवाखान्याच्या आवारात तर हाच नियम असावा.

फूल एकदाच, पिल्ले अनेक

पुष्कळ कार्यालयांत तुरा असलेले ब्रोमेलियाड विकत आणतात आणि तुरा वाळला की कुंडीसह फेकून देतात. हा निष्कारण खर्च होय. केळीला घड एकदाच येतो, मग ती केळ मरते, पण तिच्या बुंध्याशी मुनवे उभे राहिलेले असतात. ब्रोमेलियाडचेही नेमके तसेच आहे. एका झाडास आयुष्यात एकदाच फूल येते, त्यानंतर ते हळूहळू वाळते, परंतु वाळता वाळता बुंध्याशी सर्वसाधारणपणे दोन ते पाच पिल्ले देते. तुरा वाळल्यावर तो कापावा आणि झाड तसेच ठेवावे. पिल्ले आईच्या उंचीच्या एक-तृतीयांश ते निम्मी झाली की धारदार चाकूने वेगळी करावीत, एक दिवस सावलीत सुकू द्यावीत व नव्या कुंडीत लावावीत. जातीनुसार दोन ते तीन वर्षांत ती फुलतात. अशा रीतीने एका रोपापासून काही वर्षांत घराची, शाळेची किंवा महिला बचत गटाची लहानशी रोपवाटिका उभी राहू शकते.

पूर्ण वाढलेले झाड फुलण्यास उशीर करीत असेल, तर पेला रिकामा करून झाडाशेजारी एक पिकलेले सफरचंद ठेवावे आणि दोन्हींवर प्लॅस्टिकची पिशवी घालून, सावलीत, आठवडाभर झाकून ठेवावे. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो व त्याने फुलोरा सुरू होतो. तुरा दिसण्यास त्यानंतर काही आठवडे किंवा महिने लागतात. अननसाच्या शेतीत एकाच वेळी फुलोरा यावा म्हणून इथिलीन देणारी संजीवके वापरतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

शाळेसाठी एक प्रयोग

ज्या शाळेस रोपे विकत घेणे शक्य नाही, तिने अननसापासून आरंभ करावा. पिकलेल्या फळावरचा पानांचा शेंडा पिळून काढावा, खालची काही पाने सोलावीत, तीन-चार दिवस सावलीत सुकू द्यावा आणि निचऱ्याच्या मातीत लावावा. अननस हा जमिनीत वाढणारा असल्याने त्यास माती व भरपूर ऊन लागते. सुमारे दोन वर्षांत त्यास फळ येते. पानांचे तळ एकमेकांवर कसे बसतात, पाणी कोठे साठते, बुंध्याशी फुटवे कोठून येतात, हे सर्व मुलांना या एका झाडावर पाहता येईल. त्याचबरोबर, पानांच्या बेचक्यांतील पाणी काचेच्या पेल्यात घेऊन त्यात अळ्या आहेत काय, हेही दर आठवड्यास तपासता येईल. वनस्पतिशास्त्र व आरोग्यशास्त्र यांचे धडे एकाच कुंडीतून देण्याची अशी सोय क्वचितच मिळते.

ब्राझीलमधील विख्यात उद्यानरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स (१९०९–१९९४) यांनी आपल्या देशातील ब्रोमेलियाड सार्वजनिक उद्यानांत मानाने आणली. रिओ दि जानेरोजवळील त्यांची बाग २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. आपल्या किनारपट्टीवरील हवा या झाडांना अनुकूल आहे आणि साहित्य दारातले आहे. त्यासाठी लागते ती केवळ नियमितता. आठवड्यातून एक दिवस पेला रिकामा करून पुन्हा ताज्या पाण्याने भरण्याची सवय ज्या घरात, शाळेत वा कार्यालयात लागेल, तेथे हे झाड शोभाही देईल आणि कोणाच्या आरोग्यास उपद्रवही करणार नाही.